वेताळाच्या चपला आणि स्पायडरमॅनचं पुसलेलं लग्न

खाडीकाठ (धागाकर्ता), १४ सप्टेंबर

गणपतीला भाचा आला होता डोंबिवलीहून. वय एकोणीस. आरती झाली, मोदक झाले, पडवीत आडवा झाला आणि म्हणाला, "मामा, मी स्पायडरमॅन सोडला." एखाद्यानं तंबाखू सोडल्याचं सांगावं तसा आवाज.

गेली दोन वर्षं पोरगा जुने अंक क्रमानं वाचत होता. वाचत वाचत २००७ सालापर्यंत आला आणि तिथं बिनसलं. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पीटर पार्कर, म्हणजे स्पायडरमॅन, आणि मेरी जेन यांचं लग्न १९८७ साली लागलं. वीस वर्षं संसार झाला. मग २००७ मध्ये पीटरच्या मे काकूला गोळी लागते, ती मरणाच्या दारात. मेफिस्टो नावाचा सैतान येतो आणि सौदा मांडतो: काकू जगेल, पण तुमचं लग्न मला द्या. म्हणजे घटस्फोट नव्हे. लग्न कधी झालंच नव्हतं, सगळ्या जगाच्या आठवणीतून गेलं. हे दोघं कबूल होतात. पुढच्या अंकापासून पीटर पुन्हा सडाफटिंग, काकूकडे राहायला.

भाचा म्हणाला, "त्यानं चूक केली असती तर मी वाचत राहिलो असतो मामा. त्याच्या चुकांसाठीच तर वाचत होतो. पण यांनी झालेलंच न झालेलं केलं."

तो गेला आणि माझ्या डोक्यात ते वाक्य राहिलं. माळ्यावर पत्र्याची ट्रंक आहे, बाबांची. बाबा एसटीत कंडक्टर होते. सावंतवाडी स्टँडवरच्या स्टॉलवरून इंद्रजाल कॉमिक्सचे मराठी अंक आणायचे. चोवीस वर्षांनी ट्रंक उघडली. डांबराच्या गोळ्या विरघळून नुसता वास उरलाय, अर्धे अंक दमटपणानं एकमेकांना चिकटलेत. चमच्याच्या दांड्यानं एकेक पान सोडवत बसलो.

आणि वेताळ भेटला. इंग्रजीतला फँटम, ली फॉकनं १७ फेब्रुवारी १९३६ पासून वर्तमानपत्रातल्या पट्टीत सुरू केलेला. आपल्याकडे इंद्रजाल १९६४ साली निघालं ते त्यालाच घेऊन. आता गंमत बघा. त्याचं इंग्रजी बिरुद आहे 'चालणारं भूत', आणि मराठीत त्याला नाव दिलं वेताळ. आमचं गाव शिरोड्याजवळ. आरवलीचा वेतोबा हाकेच्या अंतरावर. तो रात्री गावाच्या राखणीला फिरतो, चालून चालून त्याच्या चपला झिजतात, म्हणून लोक त्याला हे भल्यामोठ्या चपलांचे जोड वाहतात. सातव्या वर्षी माझ्या डोक्यात या दोघांची पक्की सरमिसळ झालेली. कवटीच्या गुहेत राहणारा, जांभळ्या कपड्यातला वेताळ देवळात चपला घ्यायला येतो, अशी माझी खात्री होती. रंग तरी जांभळा होता की निळा, यावर भावाशी मारामारी झालेली आठवते. आमच्या अंकांत दोन्ही निघायचे.

तर प्रश्न असा. नायकात खोट असली की गोष्ट जिवंत वाटते. पण ती गोष्ट साठ-सत्तर वर्षं चालू ठेवायची, लेखक बदलत राहणार, वाचक बदलत राहणार, तर त्या खोटीचं करायचं काय? ती वाढू द्यायची, बरी करायची, की मेफिस्टोला बोलवायचं?

---

तिरफळ

छान धागा. खोट म्हटली की मी पहिलं पान काढते. ऑगस्ट १९६२, अमेझिंग फँटसीचा पंधरावा अंक, लेखन स्टॅन ली, चित्रं स्टीव्ह डिटको. स्पायडरमॅनची पहिलीच गोष्ट, अवघी अकरा पानं. त्यात पोराला कोळी चावतो, शक्ती येते, तो पैसे कमवायला टीव्हीवर जातो, पळणारा चोर समोरून जातो आणि हा बाजूला उभा राहतो. पोलीस ओरडतो, अडवलं का नाहीस? हा म्हणतो, ते माझं काम नाही. पुढे तोच चोर त्याला वाढवणाऱ्या बेनकाकाला मारतो. अकरा पानांत एवढं सगळं! हल्ली एवढ्यात नुसता पाऊस पडतो.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. मोठ्या शक्तीबरोबर मोठी जबाबदारी येते, हे वाक्य बेनकाकाचं आहे असं सगळे समजतात. मूळ अंकात काका ते बोलतच नाही. शेवटच्या चौकटीत निवेदकाच्या मजकुरात आहे ते. पुढच्या पुनर्कथनांमध्ये केव्हातरी ते काकाच्या तोंडी गेलं आणि तिथंच राहिलं. म्हणजे गोष्ट पुढे चालवणाऱ्यांनी झालेलं बदललं, आणि इथं मात्र कुणाची तक्रार नाही. का? कारण बदलानं चूक जास्त बोचरी झाली. ज्यानं सांगितलं त्याचंच ऐकलं नाही, आणि तोच गेला.

---

दादर_सावंतवाडी

तिरफळताई +१. अकरा पानांची ती गोष्ट मी पुनर्मुद्रणात वाचलीय. चोर लिफ्टमध्ये शिरतो ती चौकट बघा परत. पोरगा चेहऱ्यावर मुखवटा असूनही किती ऐटीत उभा आहे ते नुसत्या खांद्यांवरून कळतं.

---

गुहागरी

सगळ्यांचा आदर राखून, हा 'खोट असलेला नायक' प्रकार अमेरिकेनं १९६२ साली शोधून काढला असं बोलू नका. धर्मराजानं बायको पणाला लावली तेव्हा कोळी कुणाला चावला होता? कर्ण घ्या. दशरथ घ्या. आमच्या आजीला या सगळ्यांच्या खोटी तोंडपाठ होत्या आणि त्यावरून ती आजोबांना टोमणे मारायची.

---

खाडीकाठ

गुहागरी, मान्य. पण महाभारत संपतं हो. स्वर्गारोहण होतं, कुत्रा बरोबर जातो, संपलं. पीटर पार्करला स्वर्गारोहण नाही. पुढच्या महिन्यात अंक काढायचाय.

---

पेटीवाला

मी दशावतारात पायपेटी वाजवतंय, एकवीस वर्सा झाली. कॉमिक वाचूक नाय कदी, पण तुमचो धागो वाचून ऱ्हवाक नाय.

आमच्याकडे कथा सगळ्यांका म्हायत आसता. अभिमन्यू मरतलो ह्यां पयल्या रांगेतल्या पोराक सुदीक ठावक. तरी पाटे चार वाजापर्यंत लोक बसतत. कित्या? मरताना काय बोलतलो तां आयकाक.

(आता प्रमाणभाषेत लिहितो, नाहीतर पुण्याची मंडळी भाषांतर मागतील.) दशावताराला लिहिलेली संहिता नसते. संध्याकाळी रंगपटात तोंडाला रंग लावता लावता आमचे मालक त्या रात्रीचं आख्यान सांगतात. राजपार्टी कोण, स्त्रीपार्टी कोण, युद्ध कुणाकुणाचं, एवढंच ठरतं. संवाद ज्याचे त्यानं जागेवर करायचे. त्यामुळे आमचा एक दुर्योधन गदा खाली ठेवून आधी आईची आठवण काढतो. त्याच मंडळीतला दुसरा तोच दुर्योधन असा रंगवतो की म्हाताऱ्या बायका देवळातून उठून शिव्या देतात. आख्यान तेच, रात्र तीच, देवळासमोरची जागा तीच.

आणि संकासुर तर विचारूच नका. वेद चोरणारा असुर, पण मालवणीत बोलतो, लोकांची फिरकी घेतो. सुरुवातीच्या आड दशावतारात तो येतो आणि विष्णू त्याला मारतो. दर रात्री मारतो. लोकांना सगळ्यात लाडका तोच.

---

तिरफळ

पेटीवाले काका, साष्टांग नमस्कार. या धाग्यातला सगळ्यात भारी प्रतिसाद.

पण बघा हं, फरकसुद्धा इथंच आहे. तुमचा अभिमन्यू उद्या दुसऱ्या गावात उभा राहतो तेव्हा त्याला काल आपण मेलो होतो हे आठवत नसतं. पहाटे दहीकाला झाला की सगळं पुसलं, पाटी कोरी. कॉमिक्सवाल्यांना दोन्ही पाहिजे. काल झालेलं लक्षात ठेवायचं, कारण वाचक तेवढ्यासाठी मागचे अंक विकत घेतो. आणि उद्या नव्या गिऱ्हाइकासाठी पाटी कोरीही पाहिजे. या दोन दगडांवर पाय ठेवून उभं राहताना मेफिस्टो लागतो.

---

खाडीकाठ

हे मला पाहिजे होतं. भाच्याला कॉपी करून पाठवलं.

---

कसरपंडित

अवांतर: चिकटलेली पानं चमच्यानं सोडवू नका हो! त्या काळच्या कागदाला आपल्या हवेत कसर आणि बुरशी दोन्ही लागतात. ट्रंकेतून काढून सावलीत, पंख्याखाली आठ दिवस ठेवा, उन्हात नाही, रंग उडतात. मग कडुनिंबाची वाळकी पानं मधे घाला. डांबराच्या गोळ्या बंद. अंकांची यादी टाकाल का? इंद्रजालमधल्या बहादूरचे आहेत का?

---

खाडीकाठ

पंडितजी, आठ अंक आधीच चमच्याला बळी पडलेत. बहादूरचे तीन आहेत, एकाचं शेवटचं पान नाही.

आणि बहादूरच्या बाबतीत मला माझ्याच प्रश्नाचं अर्धं उत्तर मिळालं. आबिद सुरतींनी तो १९७६ साली लिहिला, चित्रं गोविंद ब्राह्मणियांची. बहादूरचा बाप डाकू. पोलिसांच्या हातून मारला जातो, आणि ज्या पोलीस अधिकाऱ्याचा, विशालचा, त्यात हात असतो तोच या पोराला वाढवतो. पोरगा आधी सूडानं पेटलेला, मग हळूहळू उलट बाजूला जातो. आता कुणीही लेखक पुढे आला तरी ती खोट कुठं जाणार? ती बहादूरच्या स्वभावात नाही, रक्तात आहे. तो कितीही चांगला वागला तरी गावातलं कुणीतरी 'शेवटी पोर कुणाचं' म्हणणारच. आमच्या वाडीत तर तीन पिढ्या म्हणतात.

---

दादर_सावंतवाडी

मला वेगळी गोष्ट सांगायची आहे, आणि ती थोडी घरची आहे, तेव्हा खूप प्रश्न विचारू नका.

आयर्न मॅन. टोनी स्टार्क. १९७९ साली डेव्हिड मिशेलिनी, बॉब लेटन आणि चित्रांत जॉन रोमिता ज्युनियर यांनी नऊ अंकांची मालिका केली, त्यात टोनी दारूच्या आहारी जातो. शेवटी एका मैत्रिणीच्या मदतीनं सावरतो. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा रडलो आणि मग चिडलो. नऊ अंकांत बरा झाला? आमच्या काकांना नऊ वर्षं लागली, त्यात दोनदा सुटली आणि दोनदा परत लागली. गणपतीत घरी आले की सगळे त्यांच्या ग्लासाकडे बघायचे, त्यात कोकम सरबत असलं तरी.

मग पुढचं वाचलं. डेनी ओनील हा दुसरा लेखक आला आणि १९८३ मध्ये त्यानं टोनीला परत बाटलीकडे नेलं. या वेळी घसरण पार खालपर्यंत. कंपनी गेली, घर गेलं, चिलखत जिम रोड्स या मित्राच्या अंगावर गेलं, आणि बराच काळ तोच आयर्न मॅन. हे मी पोटात कालवाकालव होत वाचलं. पहिल्या लेखकांनी गाठ मारून ठेवली होती, यानं ती सोडली. आणि तेच खरं होतं. परत लागते. ज्याच्या घरात आहे त्याला विचारा.

म्हणून म्हणतो, गोष्ट पुढे नेणारा दुसरा हात वाईटच असं नाही. पहिल्या हाताला एवढं धाडस झालं नव्हतं.

---

तिरफळ

दादर, काही विचारत नाही. फक्त +१.

तुमच्या प्रतिसादाला जोड म्हणून: १९५४ पासून अमेरिकन अंकांवर कॉमिक्स कोडचा शिक्का लागायचा, नशापाण्याबद्दल लिहिणं जवळजवळ बंदच. १९७१ मध्ये तिथल्या सरकारच्याच आरोग्य खात्यानं अमली पदार्थांविरुद्ध काहीतरी लिहा म्हणून स्टॅन लीला विनंती केली. स्पायडरमॅनचे तीन अंक निघाले, आणि कोडवाल्यांनी शिक्का नाकारला! ते बिनशिक्क्याचेच छापले. त्याच वर्षी नियम सैल झाले. टोनीची बाटली १९७९ ला छापता आली ती त्यामुळे.

---

गुहागरी

बरं. आता मी जरा मीठ टाकतो. वेताळाच्या आठवणींनी सगळे हळवे झालात, पण ती गोष्ट जरा मोठ्या माणसाच्या डोळ्यांनी वाचा. चारशे वर्षं एक गोरा खानदानी माणूस आफ्रिकेच्या जंगलात सिंहासनावर बसतो आणि तिथले लोक त्याला देव मानतात. यात नायकाला खोट नाही. खोट गोष्टीला आहे. आणि ती कुणीच लिहून दाखवत नाही.

---

खाडीकाठ

गुहागरी, हे माझ्या मनात आलं होतं आणि मी लिहायचं टाळलं, कबूल करतो.

इंद्रजालवाल्यांनी थोडं खरवडलं होतं. वेताळाचे शत्रू, मूळचे सिंग चाचे, आपल्याकडे 'सिंगा' झाले, देशाचं नाव डेंकाली केलं. वाचकांत सिंग आडनावाची माणसं किती ते त्यांना कळत होतं. पण सिंहासन तिथंच राहिलं.

तरी वेताळाची एक युक्ती मला अजून आवडते आणि ती या धाग्याशी थेट जोडलेली आहे. तो अमर नाहीच. आपण वाचतो तो एकविसावा. बाप मरतो, पोरगा कवटीवर हात ठेवून शपथ घेतो, तोच मुखवटा घालतो, आणि जंगल समजतं एकच माणूस चारशे वर्षं चालतोय. म्हणजे मालिका न संपण्याचं कारण गोष्टीच्याच पोटात घातलं. वाचकाला ठाऊक, जंगलाला नाही. फॉक १९९९ मध्ये गेला तोपर्यंत स्वतः लिहीत होता, आणि त्याच्यामागेही पट्टी चालू राहिली. म्हणजे लेखकाचाही मुखवटा पुढे गेला.

---

पेटीवाला

ह्यां तर आमचाच झाला! आमच्या मंडळीत बापाचो रोल पोराक जाता. बाप रंगपटात बसान बघता आणि मागसून शिव्या घालता.

---

दादर_सावंतवाडी

उलट उदाहरण टिनटिन, बेल्जियमच्या एर्जेची चित्रकथा. एर्जे १९८३ मध्ये वारला, त्यानंतर दुसऱ्या कुणी नवा अल्बम केला नाही, त्याची तशीच इच्छा होती. शेजारच्या फ्रान्समधल्या अ‍ॅस्टेरिक्सचा लेखक गोसिनी १९७७ मध्ये गेला, चित्रकार उदेर्झोनं एकट्यानं चालवलं, आणि २०१३ पासून दुसऱ्याच हातांनी. एक घर कुलूप लावून ठेवलेलं, दुसऱ्यात भाडेकरू. कोकणात दोन्ही प्रकारची घरं भरपूर.

---

तिरफळ

कुलूपवाल्या घराला वाळवी लागते हो. :)

बरं, मरणाबद्दल कुणीच बोललं नाही अजून. सुपरमॅनला १९९२ च्या नोव्हेंबरात मारला, अंक काळ्या पिशवीत घालून, आत दंडाला बांधायची काळी पट्टी. वर्षाच्या आत परत. ते सुतक मला कधीच लागलं नाही.

पण १९८८ चा रॉबिन बघा, बॅटमनचा साथीदार, दुसरा, जेसन टॉड. वाचकांना त्याचा राग यायचा, उद्धट म्हणून. कंपनीनं दोन फोन नंबर दिले: जगवा किंवा मारा. मारा म्हणणारे ५,३४३, जगवा म्हणणारे ५,२७१. बहात्तर फोनांनी पोरगा गेला. यात नायकाची खोट कुठली आणि आपली कुठली? २००५ मध्ये तोही परत आला, आणि आला तो सूडाचा भरलेला. त्याच वर्षी कॅप्टन अमेरिकेचा मेलेला साथीदार बकीही उठला. त्याआधी चाहते म्हणायचे, कॉमिक्समध्ये बकी, जेसन आणि बेनकाका सोडून कुणी मेलेलं राहत नाही. उरला एकटा काका.

---

गुहागरी

आणि ग्वेन स्टेसी, पीटरची प्रेयसी. जून १९७३, स्पायडरमॅनचा अंक १२१. पुलावरून पडणाऱ्या मुलीला हा जाळं टाकून पकडतो, आणि मानेशेजारी बारीक अक्षरांत एक आवाज लिहिलेला आहे, 'कट'. एवढाच. वर ओढून घेतो तेव्हा तो स्वतःवर खूश असतो, विनोद करत असतो. तोपर्यंत ती गेलेली. पडून की त्याच्या जाळ्यानं मान झटकली जाऊन? तिला पाडणारा खलनायक गॉब्लिन म्हणतो आधीच मेली होती. पुढे पत्रव्यवहाराच्या पानावर संपादकांनी उत्तर दिलं: झटक्यानं.

मी कॉमिक्सचा वाचक नाही, हे मुलीच्या कपाटातलं. पण त्या बारक्या अक्षरांसाठी मी माझं 'महाभारतात सगळं आहे' थोडं मागे घेतो. थोडंच.

---

खाडीकाठ

म्हणजे बघा, बेनकाका आणि ग्वेन यांना कुणी हात लावत नाही (क्लोन वगैरे भानगडी सोडून द्या), कारण ती दोन काढली तर पीटरला चुकीची किंमत मोजावी लागलीच नाही असं होईल. टोनीची बाटली काढली नाही, उलट परत दिली. लग्न काढलं, कारण ते प्रकाशकाला अडचण वाटत होतं. अंकाला वाटत नव्हतं. भाच्याचा राग त्याचा आहे, असं मला आता वाटतं. लेखक खोट विसरला म्हणून नाही. कुणीतरी हिशेबाच्या वहीतलं पान फाडलं म्हणून.

---

कसरपंडित

पानावरून आठवलं, बहादूरचा तो अंक कुठला? माझ्याकडे असला तर शेवटच्या पानाचा फोटो टाकतो.

---

खाडीकाठ

अंक क्रमांकाचा कोपरा कसरीनं खाल्लाय. मुखपृष्ठाचा फोटो खरडवहीत टाकतो.

---

खाडीकाठ, ८ डिसेंबर

धागा वर काढतोय, माफी असावी.

भाचा सुट्टी काढून आला होता. पेटीवाल्या काकांनी बोलावलं म्हणून त्याला जत्रेला घेऊन गेलो. गाव सांगत नाही, काकांनी बजावलंय. रंगपटात बसवलं त्याला आधी तासभर. अभिमन्यू करणारे गृहस्थ साठीच्या घरातले, गुडघ्याला क्रेप बँडेज बांधत होते. त्यावरून धोतर. मग गालाला गुलाबी रंग लावून सोळा वर्षांचे झाले.

भाचा पहाटेपर्यंत हलला नाही. चक्रव्यूहात रथाचं चाक हातात घेऊन म्हातारा उभा राहिला आणि सुभद्रेला उद्देशून बोलायला लागला. काय बोलला ते मी लिहीत नाही, कारण कागदावर ते काहीच नाही. पण काकांनी पेटी थांबवली होती, आणि शेजारची बाई शेंगदाण्याची पुडी तशीच हातात धरून बसली होती.

दहीकाला झाला. बाहेर धुकं, चहाच्या टपरीवर रांग. अभिमन्यू चेहऱ्याचा अर्धा रंग तसाच ठेवून आमच्या पुढे उभे, हातात भजी.

भाचा मला म्हणाला, "उद्या परत जिवंत?"

त्यांनीच ऐकलं. म्हणाले, "उद्या खंय, आज रातीकच. धा वाजता. येतलंस?"

भाच्याचं परतीचं तिकीट दुपारचं होतं. ते त्यानं रद्द केलं. पुढच्या गावाला एसटी कितीला सुटते, कुणाला ठाऊक असेल तर सांगा.